बर्फ नव्हे, गारा

आमच्या घरात बर्फाचं कौतुक कुणालाच नव्हतं. वडील कोकणातल्या एका बंदरावर बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचे. लोखंडी आकडा लादीत रुतवायचा आणि फळीवरून घसरवत ती होडीपर्यंत न्यायची. घरी यायचे तेव्हा बोटं पांढरीफटक, भाकरी धड मोडता यायची नाही. आई कोळंबी सोलायला जायची, तीही बर्फातलीच. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणजे कारखाना बंद, म्हणजे दोघंही घरी. ते दिवस आम्ही पेज आणि सुकटीवर काढायचो. त्या घरातून मी बी.एस्सी. झाले. दोन्हीकडच्या नात्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, विचारलं नाही तरी सांगते.

आता मी दुबईच्या पुढे, रास अल खैमात असते. इथल्या डोंगरातल्या खाणीतून खडी भरून ट्रक निघतात. कुठला ट्रक कधी निघाला, कुठल्या रस्त्याने गेला, कुठे थांबला, हे बघणाऱ्या डिस्पॅच ऑफिसात माझी नोकरी. शेजारच्या टेबलावर पुण्याची एक मुलगी बसायची. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आई-वडील दोघं प्राध्यापक. मी एक ईमेल तीनदा वाचून पाठवायचे, ती बोलता बोलता चार पाठवून मोकळी व्हायची. मला 'ताई' म्हणायची. तेही मला लागायचं. ताई म्हणायचं आणि पुढे निघून जायचं, असं काहीतरी त्यात ऐकू यायचं मला.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ती माझ्यावर हसली होती. पावसाळी ओढ्याच्या कोरड्या पात्राला इथे 'वादी' म्हणतात. मला कुठे माहीत! ड्रायव्हरचा फोन आला, "मॅडम, गाड़ी वादी में है." मी विचारलं, "कौनसी वाडी में? वाडीचं नाव काय?" ती खुर्चीतच वाकून हसली. "ताई, वाडी नाही हो, वादी! कुठली ब्राह्मणवाडी नि कुठली कुंभारवाडी!" दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसला कळलं होतं. मीही हसले. घरी आल्यावर मात्र नाही हसले.

त्या वर्षी आमचे केरळचे इन-चार्ज कायमचे गावी गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली. मॅनेजर जॉर्डनचा. त्याने आम्हाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, तुम्हा दोघींपैकी एक, बघू कोण ते. तेव्हापासून मी तिच्या प्रत्येक मेलकडे, प्रत्येक हसण्याकडे, मॅनेजरच्या केबिनमधल्या तिच्या प्रत्येक फेरीकडे डोळा ठेवून होते. ती जागा मला हवी होती. नुसती हवी नव्हती, तिला मिळायला नको होती.

सप्टेंबर संपत आला होता. उन्हाळा अजून हटला नव्हता आणि एकदम वादळाचा इशारा आला. दुपारी दोनच्या सुमारास डोंगराकडची बाजू काळी झाली. सात ट्रक खाणीकडून खाली निघाले होते, चार माझ्या यादीतले, तीन तिच्या. वाटेत एक मोठी वादी ओलांडावी लागते.

माझा फोन वाजला. पलीकडे माझा सगळ्यात जुना ड्रायव्हर, पेशावरकडचा म्हातारा. लहान मुलासारखा ओरडत होता, "मॅडम, बर्फ गिर रहा है! पूरा पहाड़ सफेद!"

त्याच वेळी तिलाही फोटो आला असणार, कारण ती उभीच राहिली. "ओ माय गॉड, ताई, स्नो! इथे! सप्टेंबरमध्ये!" आणि बसून मेल लिहायला लागली, फोटो जोडून, मॅनेजरला आणि दुबईच्या हेड ऑफिसला. मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. "हबीबी, स्नो?" तिच्या खुर्चीमागे उभा राहून फोटो बघत राहिला. पाच मिनिटांत दुबईहून डायरेक्टरचं उत्तर आलं, वंडरफुल म्हणून. तिच्या नावाने.

मी अजून फोन कानाला लावून बसले होते. हिचं नाव डायरेक्टरपर्यंत गेलं आणि मी बसलेय पठाणाच्या ओरडण्याला हूं हूं करत.

मग त्याचा तो शब्द डोक्यात अडकला. बर्फ. हिंदीत लादीही बर्फ, स्नोही बर्फ, आणि घाईत आभाळातून पांढरं काहीही पडलं तरी बर्फच.

"चाचा, कैसा गिर रहा है? रुई जैसा या गोल गोल?"

"गोल, मॅडम. चने जैसा. काच पे ठक ठक."

म्हणजे गारा. माझ्या आईचं माहेर घाटावर. तिकडे वळवाच्या पावसात गारा पडल्या की बायका आधी ओढ्याकाठची जनावरं सोडायला धावायच्या. गारा वेचायला पोरं, जनावरं सोडायला बाया. कारण पाठोपाठ पाणी यायचंच. बर्फ डोंगरावर बसून राहतो. गारांचा पाऊस बसत नाही, खाली येतो.

"चाचा, वादी में मत उतरो. ऊपर ही रुको. खलास, एक मीटर भी आगे नहीं." बाकीच्या तिघांनाही मी तेच सांगितलं. माझे चारही ट्रक चढावर थांबले.

आणि मी फोन खाली ठेवला.

तिचे तीन खाली येत होते. ती डायरेक्टरला उत्तर लिहीत होती. मी तिच्याकडे बघत बसले. मनात स्पष्ट वाक्य आलं होतं: अडकू दे. एक ट्रक जरी वादीत बसला तरी हिचा स्नो वितळेल. किती वेळ बसले ते नक्की सांगता येणार नाही. दोन मिनिटं असतील, तीन असतील. पण बसले. त्या ट्रकांत माणसं होती, हे मला माहीत होतं, तरी बसले.

मग मी ओरडले, "अगं ए, गारा आहेत त्या! तुझे तिन्ही थांबव, आत्ता!"

तिने एक प्रश्न विचारला नाही, फोन उचलला. दोन थांबले. तिसऱ्याची पुढची चाकं वादीत उतरली होती. पाणी दिसलं तसा तो गाडी मागे घेऊन वर चढला. त्यानंतर जे पाणी आलं, त्याचा व्हिडिओ त्याने पाठवला. तपकिरी, दगड गडगडवत येणारं. मी तो पूर्ण बघू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या टोकावर पांढरा थर होता. कुणी म्हणे स्नो, कुणी म्हणे गारांचाच ढीग. लोक गाड्या काढून बघायला गेले, ऑफिसात आठवडाभर वाद चालला. ती म्हणाली, "ताई, वर स्नोच होता बरं का, मी जाऊन आले." असेलही. ती पूर्ण चुकली असती तर मला बरं वाटलं असतं.

मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "यल्ला, चला, सांगा, ट्रक कुणी थांबवले?" ती पुढे होऊन श्रेय घेणार, याची मी वाटच बघत होते. उत्तरही तयार होतं. ती म्हणाली, "ताईंनी. मला तर कळलंच नव्हतं, मी फोटोत गुंतले होते. त्या ओरडल्या म्हणून माझे तिघं वाचले."

मी खाली बघितलं. सगळ्यांना वाटलं, बाई लाजली.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "रिपोर्ट मी लिहून देऊ का, ताई?" मी म्हटलं, "नको, माझा मी लिहीन." दोन तास लागले. गारांना इंग्रजीत काय म्हणतात ते शोधून लिहिलं, कुठला ट्रक कुठे थांबवला ते लिहिलं. ती दोन-तीन मिनिटं लिहिली नाहीत. तिला ती अजून माहीत नाहीत.

पुढे तिला अबू धाबीत माझ्यापेक्षा मोठी नोकरी लागली. जाताना केक आणला, मला मिठी मारली. तेही मला खुपलं. हेवा असा एका रिपोर्टने जात नाही.

पण ती जाण्याच्या आधीच, डिसेंबरात, ती रिकामी जागा मॅनेजरने मला दिली होती. आज डिस्पॅचची इन-चार्ज मी आहे. खाणीतला प्रत्येक ट्रक माझ्या सांगण्यावर निघतो आणि माझ्या सांगण्यावर थांबतो.