उजवीकडचा स्पीकर

आमच्या टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यावर जातो, ही तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा मी टीव्हीला दोष दिला. दुसऱ्यांदा आली तेव्हा स्लॅबला. तिसऱ्यांदा खालचे काकाजी स्वतःच जिना चढून आले. निवृत्त माणूस, गुडघे दुखतात, तरी आले. दारातूनच म्हणाले, "भाऊ, बिल तुमी भरता अन् बातम्या आमी ऐकतो. आता चित्र बी खालीच पाठवून द्या."

बायको हसली. मीही हसलो. दार लावल्यावर ती म्हणाली, "कमी करत जा न आवाज. मले तर सैपाकघरातही ऐकू येते."

"आवाज मोठा नाही, स्वच्छ पाहिजे," मी म्हणालो. "चांगले हाय-फाय स्पीकर घेतले की हळू लावूनही शब्द न् शब्द कळतो. अमरावतीच्या फ्लॅटात तेच बरे."

हे मी कुठंतरी वाचलं होतं आणि ते खोटंही नाही. पण मी ते आडोशासारखं वापरलं. माझा उजवा कान गेला आहे, हे मला सहा वर्षांपासून माहीत होतं आणि मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात मी मागांच्या शेडचा सुपरवायझर आहे. कानात घालायचे बोळे माणसांना वाटायचे, त्यांनी ते घातलेत की नाही बघायचं, हे माझ्या कामात येतं. मी स्वतः घालत नसे. माग बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, तो मला ऐकावा लागतो, असं सांगायचो. त्याचा थोडा तोराही होता. दर वर्षी कानांची तपासणी व्हायची. हेडफोन लावायचा, बारीक शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. उजव्या कानात शिट्टी येईनाशी झाली तेव्हा मी तपासणाऱ्या बाईंच्या अंगठ्याकडं बघायला शिकलो. बटण दाबताना तो हलायचा. अंगठा हलला की माझं बोट वर. कागदावर माझा कान सहा वर्षं ठणठणीत राहिला. शेडमधून हलवतील ही भीती होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त होती.

पण कारखान्याला फसवलं ते त्या मानानं लहान. मोठं घरात झालं.

जेवायला बसलं की बायको माझ्या उजव्या हाताला असते. ती बोलायची त्यातलं अर्धंच मला पोचायचं. मग मी म्हणायचो, "तोंडातल्या तोंडात काय बोलतेस?" आधी चुकून म्हणालो असेन. नंतर ती सवय झाली, कारण ती सोयीची होती. तिनं ते मनावर घेतलं. मिठाच्या गुळण्या सुरू केल्या, जेष्ठमध चघळू लागली. घशाच्या डॉक्टरांना दाखवून आली, त्यांना काही सापडलं नाही. भजनी मंडळात ती पुढं म्हणणारी होती. हळूहळू मागच्या ओळीत सरकली आणि शेवटी टाळ धरण्यापुरती राहिली. मंडळातल्या बायका सांगायच्या, आवाज तर खणखणीत आहे. तिला वाटायचं, बायका मन राखतात, खरं सांगणार तो घरचाच माणूस. गुळण्यांचं पाणी कितीदा मीच गरम करून दिलं आहे.

स्पीकरसाठी अकोल्याला जायचं तिनंच ठरवलं. तिच्या माहेरच्या वस्तीत एक गृहस्थ स्वतःच्या हातानं स्पीकर बांधतात, दुकानाच्या वर एक खोली फक्त ऐकायला ठेवली आहे, असं तिच्या भावानं सांगितलं होतं. रविवारी आम्ही बसनं गेलो.

ते गृहस्थ साठीचे असतील. चष्मा कपाळावर, खिशात स्क्रू ड्रायव्हर. मी भिंतीजवळच्या छातीएवढ्या उंच स्पीकरांकडं बघत होतो. ते म्हणाले, "त्यायच्याकडं पाहूच नका जवाईबुवा. ते मंगल कार्यालयाले. फ्लॅटात धपधप खाली जाते अन् बोलणं वरच राह्यते. तुमाले लहान डबे पायजेत. भिंतीपासून हातभर पुढं ठेवायचे, खाली रबर द्यायचं, अन् आवाज असा ठेवायचा की शेजारी बसलेल्या मानसासंगं बोलता आलं पायजे."

"यायचं न् बोलण्याचं काई जमत नाही," बायको म्हणाली. तिघंही हसलो.

त्यांनी दोन लहान स्पीकर समोर लावले. मधोमध एक खुर्ची ठेवली आणि मला बसवलं. रेकॉर्डिंगमध्ये तंबोऱ्यावर एक बाई गात होत्या, दुसरं वाद्य नाही. ते म्हणाले, "डोळे मिटा. बाई कुठी बसल्या ते बोटानं दाखवा."

मी डावीकडं बोट केलं.

"डावीकडं?" ते विचारात पडले. "मंधात पायजेत." त्यांनी मागं जाऊन वायरींची अदलाबदल केली. "आता?"

बाई डावीकडंच होत्या. खरं म्हणजे मला तेव्हाच कळायला हवं होतं की वायरी उलटल्यात, आता उजवीकडं म्हणावं. सहा वर्षं मी अंगठे बघत आलो होतो, पण इथं डोळे मिटलेले होते. मी पुन्हा डावीकडं दाखवलं.

मग ते गृहस्थ कामालाच लागले. वायरी बदलल्या. अ‍ॅम्प्लिफायर बदलला. खुर्ची वीतभर सरकवून पाहिली. कपाळावर घाम आला. "ही जोडी माह्या हातची हाय," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आजपावतो असं नाई झालं." उजवा स्पीकर उचलून त्यांनी टेबलावर पालथा घातला आणि खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला. "याच्यातच काई तरी गेलं. म्हातारपन आलं, दुसरं काय. हात चुकून राह्यला आता."

ते पहिला स्क्रू सोडवू लागले. मी त्यांच्या हाताकडं बघत बसलो. चांगला डबा उघडला जात होता, आणि चांगला कारागीर स्वतःच्या हाताला नाव ठेवत होता. बाजूच्या स्टुलावर बायको बसली होती. माझ्यामुळं दुसऱ्या कुणी स्वतःला दोष देणं हे मला नवीन नव्हतं. फक्त इतकं समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं.

"उघडू नका," मी म्हणालो. "तुमचा स्पीकर चांगला आहे. माझा उजवा कान गेलाय."

खोलीत बाईंचं गाणं चालूच होतं. त्यांनी ते बंद केलं. एकदा माझ्याकडं, एकदा बायकोकडं बघितलं, "मी च्या सांगून येतो," असं म्हणून खाली उतरले. चहा सांगायला खिडकीतून हाक मारली तरी चाललं असतं.

"कधीपासून?" बायकोनं विचारलं.

"सहा वर्षं."

ती स्टुलासकट माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "म्हंजे माहा आवाज बसला नवता."

"नाही. कधीच नाही."

"अन् मी गुळण्या करून राहिली होती."

"हो."

"अन् तुमी पाणी गरम करून देऊन राहिले होते."

मी मान खाली घातली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती उठून खिडकीशी गेली आणि रस्त्याकडं पाठ करून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मात्र, सांगायला लाज वाटते, छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं हलकं वाटत होतं. इतक्या वाईट वेळी इतकं बरं वाटणं मी आधी कधी अनुभवलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ती मुद्दाम माझ्या उजव्या हाताला बसली. मूर्तिजापूरपर्यंत ती बोलतच होती. ओठ हलताना दिसत होते, इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर कळत नव्हतं. शेवटी ती पुढं वाकून माझ्या तोंडासमोर आली.

"आलं काई ऐकू?"

"नाही."

"बरं झालं. लय शिव्या दिल्या तुमाले. आता सरका इकडं, मी डावीकडं येते."

पुढचे आठ दिवस सोपे गेले असं नाही. एक दिवस ती दुपारभर रडली. ती वर्षं तिला परत देता येत नाहीत, हे मला कळतं आणि तिनं मला तसं सांगितलंही. मंडळात ती पुन्हा कधी जाऊन पुढं बसली, हे मला तिनं नाही सांगितलं. मंडळातल्या एकीनं वाटेत भेटून सांगितलं. कारखान्यात मी खरी तपासणी करून घेतली. मला शेडमधून काढून मालाच्या गोदामात घातलं. जाण्याआधी शेडमधल्या माणसांना उभं करून माझा कागद दाखवला आणि सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. एक जण म्हणाला, "साहेब, आमाले वाटे तुमी आमचं ऐकूनच नाई घेत." त्यालाही मी सॉरी म्हणालो.

कानाच्या डॉक्टरांनी उजवा परत येणार नाही असं सांगितलं. डावाही थोडा झिजला आहे, पण जपला तर टिकेल. हे ऐकून लोक खचत असतील. मी दवाखान्यातून बाहेर पडून उसाचा रस प्यालो.

त्यानंतर अकोल्याहून त्या गृहस्थांचा फोन आला. मी फोन स्पीकरवर ठेवला. ते म्हणाले, "जवाईबुवा, खरं सांगतो. तुमच्या कानाले जोडी घ्यायचं काई कारन नाई. एकच डबा घ्या, डाव्या अंगाले ठेवा, मस्त ऐकू येईन. उगाच दोन कावून घेता?"

मी हो म्हणणार होतो. बायको भाजी निवडत होती. तिथूनच ती फोनच्या दिशेनं म्हणाली, आणि तिचा शब्द न् शब्द मला कळला:

"दोन पाठवा भाऊ. आमच्या घरात पावणेतीन कान हायेत, त्यातले दोन माहे हायेत. अन् खुर्ची मंधात ठेवायची म्हणता न, त्या खुर्चीवर मी बसीन."