पाच एचपीच्या पंपात अडकलेली हवा

कळंबला हायवेलगत माझं सबमर्सिबल पंपांचं दुकान आहे. विक्री, दुरुस्ती, जळालेली मोटार नव्या तारेनं भरून देणं, सगळं चालतं. त्याआधी नऊ वर्षं मी गुजरातेत तेलविहिरींवर होतो, एका ठेकेदाराच्या हाताखाली. तेलविहीर म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढे काठावर मोट बांधलेली विहीर येते. तसं काही नसतं. ते बोअरच, फक्त आपल्या बोअरच्या कितीतरी पट खोल. खाली सोडलेला पंपही सबमर्सिबलच.

गेल्या उन्हाळ्यात पिंपळवंडीच्या एक मावशी दुकानात आल्या. नात्यातल्या नाहीत, वयानं मोठ्या म्हणून मावशी. मुलगा चाकणला कंपनीत, शेत यांच्याच हातात. एकरभर टोमॅटो लावला होता आणि जुना पंप जळाला होता.

"पाचचा दे," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या.

"मावशी, एक एकराला तीन एचपी भरपूर होतो."

"शेजाऱ्यानं पाचचा टाकलाय."

"शेजाऱ्याचं बोअर वेगळं, तुमचं वेगळं."

"व्हय, त्याचा दुकानदार बी वेगळा. तीनचा पडून ऱ्हायलाय व्हय रं तुझा? म्हणून माज्या गळ्यात मारतोय?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. माझं डोकं सटकायला एवढं पुरतं. मी मोडकं शेड भाड्यानं घेऊन हा धंदा उभा केला आहे आणि कोणाला जुना माल नवा म्हणून दिलेला नाही. "घ्या पाचच," मी म्हणालो आणि बिलबुक ओढलं. मी लिहीत असताना त्या पुढे काहीतरी सांगत होत्या. त्यांच्या बोअरमध्ये पाणी वरून पडतं, तोंडाला कान लावला तर धबधब्यासारखं ऐकू येतं, असं काहीतरी. मी मान डोलावली. ऐकलं नाही.

वीस-एक दिवसांनी फोन आला. "तुझा पंप पाणी न्हाई देत, गुळण्या टाकतोय. आन् टोमॅटो फुलावर हाय. परवापसनं पाणी न्हाई. आज नाय मिळालं तर फूल गळलं समज."

एप्रिलच्या उन्हात फुलावरचा टोमॅटो दोन दिवस कोरडा राहिला तर काय होतं, हे इकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. फूल गळलं की त्या लागणीच्या फळांचा तोडाच गेला. मी निघायची तयारी केली. पण निघण्याआधी कंपनीचा तक्रार फॉर्म काढला. त्यात 'बिघाडाचे कारण' असा एक रकाना असतो. पंप न बघता, दुकानातल्या खुर्चीत बसून, मी तिथे लिहिलं : 'ग्राहकाचा चुकीचा वापर.' गिऱ्हाइकाची सही त्याखाली घेतली की विकणारा सुटतो. धंद्यातली ही सवय मला लवकर लागली होती.

पोचलो तेव्हा दीड वाजला होता. शेतीची लाईट चारला जाणार होती. पंप चालू होता आणि मावशी म्हणाल्या तसंच चाललं होतं. पाईपमधून दुधासारखं पांढरं पाणी यायचं, फस्स करून हवा सुटायची, मग नुसताच वारा. पाणी तुटलं की स्टार्टरमधलं ड्रायरन मोटार बंद पाडायचं आणि दोन मिनिटांनी ऑटो स्विच ती पुन्हा चालू करायचा. इकडे प्रत्येक स्टार्टरला हा ऑटो असतो. लाईट येईल तेव्हा माणूस शेतात नसतो, म्हणून पंपानं आपला आपण चालू व्हावं. त्या दिवशी तो पंप दर दोन मिनिटांनी उठून पुन्हा मार खात होता.

मी गुडघ्यावर बसून बोअरच्या तोंडाच्या पाईपला, केसिंगला, कान लावला. आत खळखळ आवाज. पाणी उंचावरून पडत होतं.

"बोअर घेतलं तेव्हा पाणी किती फुटांवर लागलं?" मी विचारलं.

"एकशे चाळीस. तुला दुकानात सांगितलं व्हतं की. तू पावती फाडत व्हता."

पंप दोनशे साठ फुटांवर सोडला होता. पाच एचपीचा पंप झऱ्यापेक्षा जास्त पाणी उपसत होता. पातळी एकशे चाळीसच्या खाली गेली की झऱ्याचं पाणी वरून खाली कोसळायचं, कोसळताना हवा घेऊन यायचं, आणि पंप ते फेसाळ पाणी ओढायचा. पंपाची पाती पाणी फेकतात, हवा त्यांना फेकता येत नाही. हवा आत अडकून बसते, पाती नुसती फिरतात, आणि बाहेरून वाहणाऱ्या पाण्यानं गार राहणारी मोटार तापत जाते.

मी ऑटो बंद केला, स्टार्टरही बंद केला.

"आता काय?"

"आता पाऊण तास थांबायचं."

"पाऊण तास? लाईट चारला जाती रं! चालू कर, चालू कर, एकदा दणक्यात पाणी आलं का येतंय मग."

हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. गुजरातेत, एका साहेबाच्या तोंडून, दुसऱ्या भाषेत.

तिथल्या तेलात गॅस विरघळलेला असायचा. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं तसं, खालचा दाब उतरला की तो सुटायचा आणि पंपात शिरायचा. त्यासाठी पंपाच्या खाली गॅस वेगळा काढणारा भाग बसवत. तो गॅस नळीच्या बाहेरच्या मोकळ्या जागेतून वर यायचा आणि आम्ही वरच्या वॉल्वमधून सोडायचो. तरी कधी कधी पंप अडकायचाच. करंट दाखवणारा एक गोल कागद असायचा, त्यावर पेन शाईची रेघ ओढत फिरायचं. पंप सुखात असला की रेघ बांगडीसारखी गोल. गॅस शिरला की करवतीचे दात. त्या दिवशी दात पडले होते. मी म्हणालो, साहेब, अर्धा तास थांबू, गॅस आपोआप वर जाईल, तेल खाली बसेल. साहेबांना त्या दिवसाचं उत्पादन हवं होतं. लगेच चालू करा म्हणाले. चार वेळा चालू केला. पाचव्या वेळी मोटार जळाली. अहवालात साहेबांनी कारण लिहिलं : 'ऑपरेटरची चूक.' ऑपरेटर मी होतो. पंधरा दिवसांत काम सुटलं आणि घरी आलो.

इतकी वर्षं हे मी ज्याला त्याला सांगत आलो आहे. त्या दिवशी मात्र सांगितलं नाही. बोअरच्या कट्ट्यावर बसून मी घड्याळ बघत होतो. मावशी एकदा सरीत जाऊन फुलं हाताळून आल्या, परत आल्या, परत गेल्या. मग बाभळीच्या सावलीत बसल्या.

"तुझ्याजवळ कागद कसला हाय तो?" शर्टाच्या खिशातून फॉर्म डोकावत होता.

"कंपनीचा. सही लागते तुमची."

"चष्मा घरी ऱ्हायला. वाच, काय लिवलंय."

मी फॉर्म उघडला. वरचं सगळं वाचलं. नाव, गाव, मॉडेल, खरेदीची तारीख. 'बिघाडाचे कारण' या शब्दांपाशी थांबलो. खाली माझंच अक्षर होतं. काहीही वाचून दाखवता आलं असतं, त्यांना कळलं नसतं. सौदा करताना मी याहून मोठ्या थापा मारल्या आहेत. पण मी ते अक्षर पुन्हा वाचलं. न पाहता, न विचारता, खुर्चीत बसून लिहिलेलं ते वाक्य होतं. तसं लिहिणारा माणूस मी चांगला ओळखत होतो.

"कारण अजून लिहायचंय," मी म्हणालो आणि घडी घालून कागद खिशात ठेवला.

सव्वादोनला पातळी मोजायला दोरीला नट बांधून ती बोअरमध्ये सोडली. पाणी एकशे वीसवर आलं होतं, झऱ्याच्या वर. पाईपवरचा वॉल्व जवळजवळ पूर्ण आवळला आणि पंप चालू केला. पाणी आलं, आधी पांढरं, मग स्वच्छ. मी वॉल्व थोडा थोडा सोडत गेलो. अर्ध्यावर आल्यावर केसिंगमधून खळखळ ऐकू आली. लगेच थोडा मागे आवळला. आवाज थांबला, धार तशीच राहिली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. फस्स नाही.

मावशी वॉल्वकडे बघत होत्या. "पाचचा घेतला आन् अर्धा आवळून चालवायचा? मग तीनचाच काय वाईट व्हता रं भाऊ?"

"तेच तर मी म्हणत होतो."

"म्हणत व्हतास. मग दिलास कशाला?"

याला उत्तर होतं. तुम्ही डिवचलंत म्हणून, असं ते उत्तर होतं, आणि ते जिभेवर आलंही होतं. मी फॉर्म काढला, लिहिलेलं खोडलं आणि वर नवं लिहिलं. "वाचतो, ऐका. पंपाची निवड चुकली. निवड दुकानदाराची."

"आन् माजी न्हाई?"

"तुम्ही पाणी कुठं लागलं ते सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मावशींनी सही केली. वाकडीतिकडी, पण अक्षरांची. मग म्हणाल्या, "तोडा झाला का तीनचा आणून बशीव. आन् वॉल्व नवा लागंल, ह्याचं चाक गंजलंय. तो तू द्यायचा, फुकट."

"वॉल्वचे पैसे पडतील."

"पावती फाडताना ऐकलं असतंस तर नसते पडले."

वॉल्व मी दिला. चूक दुकानदाराची म्हटल्यावर कंपनीनं तो फॉर्म अर्थातच नाकारला.

त्या साहेबाबद्दलचा राग गेलेला नाही. गेला म्हणालो तर ते खोटं होईल. त्या दिवशी मला एवढंच करायचं होतं की लाईट असेपर्यंत त्या बोअरपाशी बसायचं आणि हात वॉल्ववर ठेवायचा. पावणेचारला मावशी शेवटच्या सरीच्या टोकाशी उभ्या होत्या. ठिबकच्या नळीला बोट लावून त्यांनी ते वर धरलं. बोट ओलं होतं.