अर्जदार निराधार आहे

उपनिबंधक कचेरीच्या फाटकासमोर, गुलमोहराखाली माझे टेबल आहे. त्या टेबलावर बसून मी आयुष्यभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी लिहीत आलो आहे. दहावीनंतर मी शाळेचे तोंड पाहिले नाही. परंतु ज्यांनी पाहिले असे इंजिनियर आणि निवृत्त अधिकारी माझ्यासमोरच्या स्टुलावर बसतात आणि आपले दुःख चार ओळींत सांगू शकत नाहीत, हे मी रोज पाहतो. अर्ज लिहिणे ही विद्या आहे. माझ्या आधी याच झाडाखाली बसणाऱ्या म्हाताऱ्याने ती मला शिकवली. मागणी तीनदा लिहावी: विषयात, मजकुरात आणि शेवटी, कारण कारकून कुठून वाचायला लागेल याचा नेम नसतो. आणि अर्जदार नेहमी निराधार असावा. धडधाकट माणसाच्या अर्जावर साहेब चहाचा कप ठेवतो.

आम्ही या कन्नड शहरात मुरलेले मराठी; माझा जावई नागपूरचा. बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत कामाला होता आणि तिथल्याच एका उंच इमारतीत माझ्या मुलीसह भाड्याने राहत होता. त्या घराला तळ्याकडे उघडणारी बाल्कनी होती आणि तळ्याच्या वासामुळे ती कायम बंद असे. त्यांच्याकडच्या रीतीने तो मला मामाजी म्हणे. नोकरीत वरच्यांची बोलणी ऐकावी लागतात म्हणून त्याने ती सोडली आणि अर्जांचे नमुने देणारी वेबसाइट काढली. एका रविवारी आमच्याकडे जेवताना मी त्याला तीनदा मागणी लिहिण्याचे तत्त्व समजावून सांगितले, तेव्हा त्याचा घास हातातच राहिला.

"मामाजी, सर्चमध्ये वर यायला हेच तर करावं लागतं ना. तोच शब्द टायटलमध्ये, मधे आणि शेवटी."

त्याने ते करून दाखवले. घर नावावर करण्याचा एक अर्ज लिहिला आणि वस्तीगणिक त्याचे एकेक पान केले. मारतहळ्ळीचे एक, कोरमंगलाचे एक, बेळ्ळंदूरचे एक. आत मजकूर तोच, फक्त वस्तीचे नाव बदललेले. मोबाइलवर कोणीही शोधले की पहिले पान याचे येई. माझ्या टेबलासमोरची माणसे कमी झाली. जी येत, ती त्याच्या नमुन्याची छापील प्रत घेऊन येत आणि "अण्णा, स्वल्प तपासून द्या" एवढेच म्हणत. त्या वर्षी गौरीच्या जेवणाला घर पाहुण्यांनी भरलेले असताना तो म्हणाला, "मामाजी, तुमचं टेबल मी इंटरनेटवर नेलं. आता तुम्ही आराम करा." सगळे हसले. माझी बायकोही हसली. कोण किती हसले हे मी विसरलेलो नाही.

मग ते अपडेट आले.

सर्च चालवणारी कंपनी कोणते पान वर दाखवायचे याचे नियम अधूनमधून बदलते. त्याची नोटीस कोणाच्या दारावर लागत नाही. या वेळी त्यांनी ठरवले की नाव बदलून तोच मजकूर पुन्हा पुन्हा लावणारी पाने खाली टाकायची, आणि ज्याने ते काम स्वतः केले आहे त्याचे लिखाण वर आणायचे. जावयाची पाने एका आठवड्यात अशा ठिकाणी गेली जिथपर्यंत कोणाचे बोट पोहोचत नाही. घर त्या पानांवर चालले होते. मी हे ऐकले आणि त्या दिवशी दुपारी चांगला झोपलो.

मुलगी एकटीच आली. माझ्या टेबलाशी, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. लहानपणी शाळा सुटली की ती त्याच टेबलाखाली बसून अभ्यास करी.

"अण्णा, तुम्ही लिहून द्या ना. कुठल्या खिडकीत आधी जायचं, काय जोडलं नाही की परत पाठवतात, साहेब कशाला नाही म्हणतो. हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. आता सर्चला असलंच लिखाण हवंय."

"ज्याने माझे टेबल इंटरनेटवर नेले," मी म्हणालो, "त्याला सांग, टेबलावर बसणारा माणूस न्यायचा राहिला."

"तो चेष्टेत बोलला होता."

"मीही चेष्टाच करतो आहे. आणि आमची वरची खोली रिकामी आहे, हेही सांग."

तिचा चेहरा उतरला. का, ते मला ठाऊक होते. तिनेच एकदा आईला सांगितले होते. जावयाचे वडील जन्मभर सासऱ्याच्या घरी राहिले होते. पाहुणे आले की सासरा त्यांनाच हाक मारून पाणी आणायला सांगे, आणि ते आणीत. हे पाहत वाढलेल्या मुलाने आयुष्यात एकच गोष्ट ठरवली होती: काहीही होवो, सासऱ्याच्या घरी राहायचे नाही.

लिहून मी काही दिले नाही. अर्ज मात्र करून देतो म्हणालो. जावयाचे म्हणणे, अपडेटला अपील नसते. अपील नाही अशी कचेरी मी पाहिलेली नाही. सर्च चालवणाऱ्या त्या कंपनीचेही एक कार्यालय याच शहरात, रिंग रोडवर आहे हे मी चौकशी करून काढले आणि कंपनीच्या साहेबाच्या नावे, उत्तम कागदावर, इंग्रजीत अर्ज तयार केला. तसा अर्ज पुन्हा माझ्या हातून झाला नाही. दोघांना जेवायला बोलावले आणि पाने वाढल्यावर, सगळ्यांना कळावा म्हणून, मराठीत उलगडून वाचून दाखवला.

"...सबब अर्जदार हा बेरोजगार व निराधार असून पत्नीचे पालनपोषण करण्यास असमर्थ आहे, आणि सांप्रत सासऱ्यांच्या घरी, त्यांच्या दयेवर राहत आहे..."

"मामाजी," तो म्हणाला, "मी तर तुमच्याकडे राहत नाही ना."

"अर्जात राहता, जावईबापू."

"अण्णा, ती ओळ काढा," मुलगी म्हणाली.

"त्या ओळीवर अर्ज उभा आहे. वेबसाइट खाली गेली म्हणून कोणाला कणव येते? घरजावई म्हटले की दगडालाही येते."

माझी बायको भात वाढता वाढता थांबली. जावयाने खाली मान घालून ताकाची वाटी संपवली. मग हात धुऊन आला आणि सही केली. दुसरी वाट त्याच्याजवळ नव्हती, हे त्या पंगतीत सर्वांना ठाऊक होते.

अर्ज द्यायला आम्ही दोघे गेलो. काचेची इमारत, पुढे फाटक, फाटकाशी पहारेकरी. मी अर्जाच्या दोन प्रती काढल्या आणि एकीवर पोच मागितली, शिक्का आणि तारखेसह.

"इथे टपाल घेत नाहीत," पहारेकरी कन्नडमध्ये म्हणाला. "मेल करा."

"अर्ज आहे. घेतलाच पाहिजे."

"शिक्काच नाही माझ्याकडे. ह्या गेटवर पार्सलवाले येतात, त्यांचे पार्सल ठेवून घेतो. तुमचे काय आहे?"

मी त्याला समजावले. माणसाला आधी व्यथा कळली पाहिजे, मग तो नियम वाकवतो; हा माझा आयुष्यभराचा अनुभव. मी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहारेकऱ्याला समजावे म्हणून साध्या कन्नडमध्ये सांगितले की या मुलाचे काम या कंपनीने बुडवले आणि आता तो माझा मने अळिया आहे. मने अळिया म्हणजे घरजावई. एवढे कन्नड जावयाला येत होते.

पहारेकऱ्याने त्याला खालून वर पाहिले. "पाप," तो म्हणाला. कीव आली की इकडे असेच म्हणतात. मग हसला. "बरं अण्णा, चांगले आहे की. जेवणखाण फुकट. मलाही कोणी ठेवत असेल तर सांगा."

मागे उभे असलेले पार्सलवालेही हसले. जावयाने माझ्या हातून दोन्ही प्रती घेतल्या. फाडणार असे मला वाटले. त्याने फाडले, पण सगळे नाही. आपली सही होती तेवढीच पट्टी खालून नीट फाडून खिशात ठेवली आणि उरलेले कागद मला परत दिले.

"हे तुमचं लेखन आहे, मामाजी. हे ठेवा."

तो रिक्षा करून गेला. सहीवाचून अर्ज हा रद्दीचा कागद असतो. तो हातात धरून मी त्या फाटकाशी बराच वेळ उभा होतो. महिनाअखेरीस त्यांनी बेळ्ळंदूरचे घर सोडले आणि दोघे नागपूरला गेली. तिथे त्याने नोकरी धरली, वरच्यांची बोलणी ऐकायची. मुलगी फोन करते तो आईला करते. मी जवळ असलो तर बायको फोन घेऊन गॅलरीत जाते.

या पावसाळ्यात एक म्हातारी स्टुलावर येऊन बसली. इथल्याच जुन्या मराठी घरातली, मुलाच्या नावे घर करून देण्याचा अर्ज हवा होता. मी लिहिला, नेहमीप्रमाणे. सही करण्याआधी म्हणाली, "अण्णा, स्वल्प थांबा. आधी मोठ्याने वाचा."

"कशाला, अक्का?"

"ह्याच्यात लिहिलंय." तिने मोबाइल पुढे केला. "नातीने शोधून दिलं. पहिलंच आलं."

वस्तीचे नाव कुठेही नव्हते. कुठल्या खिडकीत आधी जायचे, कोणता कागद वर ठेवायचा, जेवणाच्या सुट्टीआधी का पोहोचायचे, सगळे होते. मागणी एकदाच लिहावी, असेही होते. टेबलाखाली बसून पाठ केलेले माझे सगळे तिथे होते, माझ्याच वळणाच्या वाक्यांत. आणि शेवटी:

"सही करण्याआधी अर्ज मोठ्याने वाचून घ्या. बाहेर बसणारे लेखक अर्जदाराला निराधार लिहितात. तुम्ही नसाल तर लिहू देऊ नका. ती ओळ साहेब वाचत नाही. ती तुमच्या घरची माणसे ऐकतात."

मी अर्ज वाचायला घेतला. त्या ओळीशी म्हातारीने हात वर केला.

"हे काढा. माझा मुलगा मला नीट सांभाळतो."

मी ती ओळ खोडली.

"बाहेरचं कुणी नाही लिहिलेलं हे," ती मोबाइल पिशवीत ठेवत म्हणाली. "तुमच्याच इथलं कुणीतरी असणार. ओळखता का, अण्णा?"

मी तिच्यापुढे कागद सरकवला आणि सही कुठे करायची ती जागा दाखवली.