खाटेपासून पडद्यापर्यंत

"पोरी, तुजी काकू न्हाय राहिली..." बाबांचा फोन होता. त्यांना फोनवर बोलायची सवय नाही. बातमी कळताच ते आमच्या वळ गावाहून भिवंडीला, नारपोलीत काकाकडे गेले होते आणि तिथल्या एका बूथवरून, पुण्यात मला बहिरेपण आलं असावं अशा आवाजात ओरडत होते. त्यांच्या मागून यंत्रमागांचा, म्हणजे लूमचा, खडखडाट ऐकू येत होता. "सकाली चा घेतला. बरी व्हती. मंग काकानी हाक मारली, तं... तू ये." मी वसतिगृहाच्या कार्यालयात उभी होते. हातात दुसऱ्या दिवशीच्या मोर्चाची पत्रकं होती, ती तिथेच टेबलावर ठेवली आणि निघाले. भिवंडीला पोचेपर्यंत रडू आलं नाही. दत्ताकाकाने दार उघडलं आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "आलीस? जेवलीस का?" हा प्रश्न त्या घरात आजवर फक्त निर्मलाकाकू विचारायची. तो काकाच्या तोंडून ऐकला आणि मग मात्र मला आवरलं नाही.

याला आता काही आठवडे झाले. काकूबद्दल लिहायचं तर एका टीव्हीबद्दल लिहावं लागतं, त्याला माझा इलाज नाही. टीव्हीबद्दल माझं मत बरं नाही. घराघरांत माणसांना एकेकटं बसवून ठेवणारं आणि नको त्या वस्तू हव्याशा करायला लावणारं ते खोकं आहे, असं मी पूर्वी म्हणायचे आणि आजही म्हणते. पण आमच्या घरातल्या त्या एका खोक्याच्या बाबतीत काकूने जे केलं, ते कुठल्याही पत्रकात मला वाचायला मिळालं नाही. आणि पत्रकं मी पुष्कळ वाचली आहेत. हायस्कूलसाठी वळ सोडून काका-काकूंकडे राहायला आले, तेव्हापासून घरात कागद म्हणजे पत्रकच. काका एका शाळेत कारकून होता. संध्याकाळी घरी आला की लूम कामगारांसाठी पत्रकं लिहायचा. बारा तासांची शिफ्ट, कापसाच्या धुळीने होणारा खोकला, नळाला न येणारं पाणी, सगळ्यावर. काकू त्याच शाळेत शिक्षिका होती. शहरातल्या जुन्या, शिकलेल्या घरातली मुलगी, आणि लग्न केलं वळच्या शेतकऱ्याच्या पोराशी. तिच्या माहेरचे कित्येक वर्षं पायरी चढले नाहीत. काकाच्या पत्रकांचं शुद्धलेखन ती तपासायची. "कामगार बंधूंनो लिहिलंत," ती म्हणायची, "कांड्यांवर सूत भरणाऱ्या बायका कुठे गेल्या?" काका मुकाट्याने "भगिनींनो" वाढवायचा. पुढच्या पत्रकात पुन्हा विसरायचा.

मग संधिवाताने तिचे गुडघे धरले. आधी शाळेचा जिना अवघड झाला, मग रस्ता, मग घराचा उंबरा. नोकरी सोडावी लागली. वर्गभर पोरांशी बोलणारी ही बाई बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर येऊन पडली. खाट दाराशीच ठेवावी लागे, कारण उठताना तिला दाराच्या चौकटीला धरावं लागायचं. एकदा काका म्हणाला, "तुला पुस्तकं आणून देऊ?" ती म्हणाली, "पुस्तकं आहेत. मला माणसं बघायची आहेत. भिंत बघून झाली माझी." आणि तिने टीव्ही मागितला. काकाची पंचाईत झाली. कारण आदल्याच वर्षी त्याने टीव्हीवर एक जळजळीत पत्रक काढलं होतं, "रंगीत पडद्यामागचा काळा डाव". "अगं, तू स्वतः तपासलंस ते," तो म्हणाला. "चुका तपासल्या," काकू म्हणाली. "पटलं असं कुठे म्हणाले?"

तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला, टीव्ही घेणं म्हणजे घरातलं कार्य असायचं. केवढा घ्यायचा यावर शेजारपाजारचे सगळे बोलत. बाजारपेठेतल्या दुकानदाराने काकाला नियम सांगितला होता, पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेवढा, त्याच्या पाचपट लांब बसायचं, नाहीतर डोळे जातात. काकाला नियम आवडतात. दिवाळी तोंडावर आली होती आणि घराला चुना चालू होता. खाट, कपाट, पाण्याचं पिंप, सगळं अंगणात काढलेलं. रिकाम्या खोलीत काकाने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सूत लावलं. नारपोलीत कोणी टेप शोधत बसत नाही, सूतच हाताशी असतं. त्याला गाठ मारून तो दुकानात गेला, सूत पडद्याच्या मापाशी लावून बघितलं आणि वीस इंची रंगीत टीव्ही घेऊन हातगाडीवरून आला. हिशेबात काही चूक नव्हती. फक्त ज्या खोलीचं माप घेतलं, त्या खोलीत कोणी राहत नव्हतं.

चुना वाळला, सामान आत आलं. बटणांचा बोर्ड खिडकीपाशी, म्हणून टीव्ही खिडकीपाशी. समोरच्या भिंतीला स्वयंपाकघराचं दार आणि कपाट. खाट दाराशीच हवी. आणि टीव्हीचं ते मागे पोट वाढलेलं खोकं! त्याला टेबलावर बसवल्यावर त्याच्यात आणि खाटेत दोन हातांचं अंतर उरलं. संध्याकाळी बातम्या लागल्या. काकूच्या पुढ्यात निवेदकाचा हंड्याएवढा चेहरा आला. ती मान मागे घेत घेत भिंतीला टेकली. "अहो," ती म्हणाली, "हा गृहस्थ माझ्या मांडीवर येऊन बसलाय. चहा विचारू का त्याला?" मी हसून लोळले. पण दोन दिवसांत तिचे डोळे पाणावू लागले, डोकं ठणकू लागलं. दुकानदार परत घेईना. चूक मान्य करेल तर तो काका कसला! तो म्हणाला, "टीव्ही बरोबर आहे. खोली चुकीची आहे." त्या आठवड्याचं पत्रक कामगारांच्या घरांच्या आकारावर निघालं, आणि खरं सांगते, फार चांगलं निघालं.

शुक्रवारी लूम बंद असतात. आमच्या अंगणापलीकडे कारखान्याची भिंत, आणि सुटीच्या दिवशी कामगार तिच्या सावलीला बसलेले असत. एका शुक्रवारी काकाने टीव्ही खिडकीत फिरवला, तोंड अंगणाकडे, आणि हाक दिली, "यासीनचाचा, या, बघा!" यासीनचाचा आमच्या समोरच्या कारखान्यातला जुना कारागीर, उत्तर प्रदेशातला. तो आला, त्याच्यामागे बाकीचे आले. अंगणात अंतरच अंतर होतं. दोन-तीन शुक्रवारांत तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही. उत्तरेचे, तेलंगणाचे, आमच्या गावांकडचे, सगळे मांडीला मांडी लावून. काका खिडकीशी उभा राहून बटणं फिरवायचा आणि जाहिराती लागल्या की आवाज बंद करून चार शब्द बोलायचा. मी पत्रकं वाटायचे. इतकी माणसं आपण होऊन कधी कुठल्या सभेला आली नव्हती. आणि आत, टीव्हीच्या मागे, काकू. तिला दिसायचा तो काळा पाठीमागचा पत्रा आणि त्यातून येणारी गरम हवा. ती गाणी ऐकायची. अंगणात हशा उठला की विचारायची, "काय झालं गं?" मी धावतपळत सांगायचे. सांगून होईपर्यंत पुढचा हशा उठलेला असायचा.

एका शुक्रवारी जाहिराती लागल्या. काकाने आवाज बंद केला आणि म्हणाला, "मित्रांनो, जी वस्तू एकाची, ती सगळ्यांची व्हायला हवी..." तेवढ्यात टीव्हीच्या मागून वर्गात लागायचा तो आवाज आला. "अहो, सभेत एक प्रश्न विचारायचाय." काका वळला. "विचार की." "हा टीव्ही कोणासाठी आणलात?" "सगळ्यांसाठी." "त्या सगळ्यांत मी येते का?"

पडद्यावर कोणीतरी आवाज नसलेला साबण लावत होतं. काका बोलण्यात हरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. शेवटी यासीनचाचा उठला. "भाभीजी का सवाल सही है," तो म्हणाला. "भाभी, आप बाहर आइए." "येते की," काकू म्हणाली, "लेकिन मेरा पांव नहीं आता." तिचं हिंदी असंच होतं. यावर चौघे आत गेले आणि खाटेसकट तिला उचललं. उंबऱ्यावर खाट तिरकी झाली तशी ती ओरडली, "अरे हळू! अजून जिवंत आहे मी!" हसण्याचा केवढा लोट उठला. त्यांनी तिला सगळ्यांच्या पुढे, मानाच्या जागी ठेवलं. "छे, फार मोठा दिसतोय," ती म्हणाली. खाट मागे गेली. "अजून मागे." माणसं उठत होती, वाट देत होती. "अजून थोडं..." असं करत करत ती थेट कारखान्याच्या भिंतीला जाऊन टेकली आणि म्हणाली, "बास. आता माणूस माणसाएवढा दिसतोय."

पुढे दर शुक्रवारी खाट अंगणात निघू लागली, आणि शेजारच्या चाळीतल्या बायकांना ते रुचलं नाही. "मास्तरणीला बरं पुरुषांच्या घोळक्यात जाऊन बसवतं," हे तिला ऐकू जाईल असंच बोललं जायचं. बातमी माहेरी पोचली. इतक्या वर्षांत न आलेले तिचे थोरले भाऊ, नाना, एका रविवारी आले. रिक्षात एक नवा चौदा इंची टीव्ही. नाना वाईट नव्हते, हे मला सांगायला हवं. त्यांनी काकाकडून खाटेपासून खिडकीपर्यंतचं अंतर विचारून घेतलं होतं आणि बरोबर मापाचा टीव्ही आणला होता. त्यांनी तो आत लावून दाखवला. खाटेवरून चित्र अगदी जसं हवं तसं दिसत होतं. "निमा, आता कुठे जायला नको," ते म्हणाले. "उशीला टेकायचं आणि बघायचं. ना डास, ना लोकांचं बोलणं." काका खाली मान घालून उभा होता. काकू खूप वेळ त्या नेमक्या मापाच्या चित्राकडे बघत राहिली. तिला मोह झाला होता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिचे गुडघे त्या दिवशी फार दुखत होते. मग ती म्हणाली, "नाना, हा खोलीच्या मापाचा आहे. हा ठेवला, तर मीही पुन्हा खोलीच्या मापाची होईन." नानांना ते कळलं नाही. म्हणाले, "म्हणजे तुला मोठा हवा?" "अंगण हवं," काकू म्हणाली. "तुम्ही आलात, ते मात्र फार बरं केलंत. जेवून जा." नाना जेवले. टीव्ही परत घेऊन गेले. पुढे दर भाऊबीजेला येत राहिले.

त्यानंतरची वर्षं मी स्वतः पाहिली आहेत, म्हणून सांगते. आधी कांडी भरणारी लक्ष्मम्मा तिच्या खाटेच्या कडेवर येऊन टेकली, कारण पुरुषांमध्ये एकटं बसायला तिला लाज वाटायची आणि मास्तरणीजवळ वाटायची नाही. मग लक्ष्मम्माच्या शेजारणी आल्या. मग चाळीतल्या, त्याच, टोमणे मारणाऱ्या. मराठी बातम्या लागल्या की काकू त्यांचं हिंदी करून सांगायची, यासीनचाचा त्या हिंदीचं हिंदी करायचा. नव्वदीच्या दशकात मुंबईत दंगली पेटल्या आणि जेव्हा आमच्या शहरातही माणसं एकमेकांकडे बघायला भीत होती, तेव्हा काही शुक्रवार अंगण ओस पडलं. पहिल्या शुक्रवारी काकाने आणि मी कशीबशी बाहेर काढलेल्या खाटेवर काकू एकटीच भिंतीशी बसली होती. कोणी येईना. टीव्ही तरी चालूच ठेवायला लावला तिने. तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी यासीनचाचा आला आणि तिच्या पुढ्यात बसला. "चाचा, मान बाजूला घ्या," काकू म्हणाली, "दिसत नाही." एवढंच. मोठमोठ्या शांतता सभांना मी गेले आहे. इतकं थोडक्यात कोणी आटोपलेलं ऐकलं नाही.

परवा शुक्रवारी मी नारपोलीत होते. काकाने काकू गेल्यापासून खिडकी उघडलेली नाही, आणि दुखवटा म्हणून कोणी त्याला उघड असं म्हटलंही नव्हतं. दिवेलागणीला लक्ष्मम्मा आली, तिच्यामागे आणखी बायका. "भाऊ, टीवी लगाओ," ती म्हणाली. काका म्हणाला, "आता कोणासाठी लावू?" लक्ष्मम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हम लोग क्या मर गए?" तिने स्वतःच खिडकी उघडली, बटण दाबलं, आणि काकाला दंडाला धरून बाहेर काढलं. इतकी वर्षं तो खिडकीशी उभा राहून बटणं फिरवत होता. समोरून टीव्ही कसा दिसतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. आवाज ऐकून अंगण पुन्हा भरू लागलं, आणि बायकांनी त्याला भिंतीशी, त्यांच्या मधोमध बसवलं. मी त्याच्याकडे बघत होते. पडद्यावर काय चाललं होतं त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो पुढे बसलेल्या माणसांकडे बघत होता. वेण्या, टोप्या, टक्कल, कापसाची धूळ बसलेले केस, आईच्या खांद्यावर झोपलेली पोरं... पडद्याचा उजेड त्या सगळ्यांवर सारखा हलत होता.

"इथून पडदा लहान दिसतो," काका म्हणाला. "पण माणसं सगळी दिसतात गं..."