नळदुर्गच्या पाण्यापाशी आई

श्रावण संपत आला होता. रविवारची सकाळ, धाराशिवचा एसटी स्टँड, आणि आम्ही चौघं पहिल्यांदाच 'सहलीला' निघालेलो... अण्णा, आई, साडेतीन वर्षांचा बाळू आणि चौथीतली मी.

त्याआधी प्रवास केला नव्हता असं नाही. पण तो लग्नाला, बारशाला, नाहीतर तुळजापूरला देवीला. नुसतं काहीतरी बघायचं म्हणून गाडीत बसायचं, हे आमच्या घरात कुणी केलंच नव्हतं.

निमित्त मीच होते. भूगोलात 'बेट' शिकवलं तेव्हापासून मला बेट दाखवा म्हणून मी अण्णांच्या मागं लागले होते. अण्णा कचेरीत कारकून, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. विलीनीकरणाला दहा-अकरा वर्षं झाली तरी रजेला ते 'रुखसत'च म्हणायचे. समुद्र बघायला आठ दिवसांची रुखसत कोण देणार...

मग नळदुर्गहून त्यांच्या मित्राचं, गुंडूमास्तरांचं, पत्र आलं. किल्ल्यातला बंधारा भरून वाहतोय, लेकरांना घेऊन या. अण्णा मला म्हणाले, "समुद्र न्हाय, पण बेटासारखं एक दाखवतो तुला."

आईचं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचं, कोरड्या माळावरचं. लहानपणी तिनं पाणी बघितलं ते खोल आडात, दोराच्या टोकाला. निघायच्या आदल्या दिवशी धपाटी थापताना मला हळूच म्हणाली, "वरून पडणारं पाणी मी कधी बघितलंच न्हाय गं."

ज्यांनी नळदुर्ग पाहिला नसेल त्यांच्यासाठी... किल्ल्यातून बोरी नदी जाते. तिच्यावर मोठा दगडी बंधारा आहे आणि पावसाळ्यात त्यावरून दोन ठिकाणी पाणी कोसळतं. बंधाऱ्याच्या पोटात जिना उतरून गेलं की पाणीमहाल लागतो. तिथल्या खिडकीसमोर पाण्याचा पडदा पडत असतो.

आम्ही जवळ पोचलो आणि तो आवाज ऐकून बाळूनं जे भोकाड पसरलं... आईच्या मानेला मिठी मारली ती सोडेचना. अण्णा वैतागले. "तू थांब इथंच लिंबाखाली, त्याला घेऊन. तुला काय बघायचंय त्यात?"

आई 'बरं' म्हणाली. मास्तरांच्या घरच्या काकू आम्हाला किल्ला दाखवायला आल्या होत्या, त्या तिच्यासोबत बसल्या. मी एकदा मागं वळून पाहिलं. ती बाळूला थोपटत होती, पण मान आवाजाकडं होती.

अण्णांनी मला बंधाऱ्यावरून पलीकडं नेलं, रणमंडळाच्या, म्हणजे नदीपलीकडच्या जोडकिल्ल्याच्या तटावर. मी मोजून पाहिलं... पाणी तीनच बाजूंना! तक्रार केली तर अण्णा हसून म्हणाले, "चौथ्या बाजूचं तू मनात धर." मी धरलं. त्या वयात तेवढं पुरतं.

परत आलो तर लिंबाखाली आई नव्हती. बाळू काकूंच्या मांडीवर गाढ झोपलेला. "वहिनींना मीच धाडलं," काकू म्हणाल्या. "'हे रागावतील' म्हणत जाईनातच. म्हटलं जावा की, लेकराला मी बघते. पाणीमहालात असतील बघा."

"एकटीच गेली?" अण्णांचा चेहरा बदलला. माझा हात धरून ते तरातरा जिना उतरायला लागले. आता आईला बोलणी बसणार, हे मला कळलं.

शेवटच्या वळणावर अण्णा थांबले.

आई खिडकीपाशी उभी होती. हात खांद्यापर्यंत पाण्याच्या धारेत घातलेला. पदर डोक्यावरून घसरलेला, केस ओले, आणि ती हसत होती... मोठ्यानं, तोंड उघडून. घरी आई हसायची ती पदरानं तोंड झाकून. अशी हसणारी आई मी आधी पाहिलीच नव्हती.

मधेच तिचे ओठ हलायचे. पाण्याशी काहीतरी बोलत होती. त्या गडगडाटात एक शब्दही ऐकू येत नव्हता.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तर अण्णांनी माझा हात घट्ट दाबला. कानाशी वाकून म्हणाले, "थांब. बघू दे तिला."

किती वेळ उभे होतो, माहीत नाही. मग आम्ही दोघं आवाज न करता वर आलो आणि लिंबाखाली येऊन बसलो. थोड्या वेळानं आई आली, पदर पिळत, घाबऱ्या नजरेनं. अण्णांनी एवढंच विचारलं, "नीट बघितलंस का?" तिनं मान डोलावली.

स्टँडकडं निघालो तेव्हा झोपलेल्या बाळूला अण्णांनी आपल्या खांद्यावर घेतलं. कचेरीतला माणूस भर रस्त्यानं लेकरू घेऊन चालतोय, हे तेव्हा कुणी बघितलं नव्हतं. आई मागून येत होती... दोन्ही हात मोकळे.

"पुढच्या पावसाळ्यात परत येऊ," गाडीत अण्णा म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात धाकटी बहीण झाली. मग बदली, मग आमच्या शाळा, मग आईचे गुडघे... ती परत तिथं कधीच गेली नाही. आता तर ती नाहीच.

मी पंच्याहत्तरीला आले. मुलांनी मला अंदमान दाखवलं, नातवंडांसोबत मी वॉटर पार्कच्या रांगेत उभी राहिले, चारही बाजूंना पाणी असलेली खरीखुरी बेटं पाहिली. पण डोळे मिटले की तो जिनाच समोर येतो.

आई त्या पाण्याशी काय बोलत होती, हे मी तिला कधी विचारलंच नाही. आधी सुचलं नाही, नंतर धीर झाला नाही, आणि मग विचारायला ती राहिली नाही... फार रुखरुख लागते.

पण अण्णांनी तेव्हा माझा हात दाबला नसता, तर माझ्या एका हाकेवर ती पदर सावरून 'आले, आले' म्हणत वर आली असती. तिचं तेवढं पाणी मी तिच्याकडून काढून घेतलं नाही. अण्णा, त्यासाठी तुमचे उपकार.