नारळ गजांतून जाईना

मुलांनो, या आठवड्यात रेल्वेने आपल्या बागेमागे लोखंडी जाळीचं कुंपण घातलं. शेजारच्या मालतीबाईंचं कढीपत्त्याचं झाड पलीकडे राहिलं. "आता फोडणीसाठी सगळं नांदेड फिरून जायचं का?" त्या मला विचारतात.

ताज्या रंगाचा वास घेत जाळीशी उभी होते, तेव्हा तुमच्या आईची पाठवणी आठवली. रिक्षा लवकर आली आणि घाईत तिची ओटी भरायची राहिली. लेक तशीच सासरी निघाली म्हणून मी परसात डोळे पुसत होते. तेवढ्यात तिची लातूरची गाडी सिग्नलला नेमकी आमच्या मागे थांबली.

"वहिनी, पळा की," मालतीबाई म्हणाल्या.

तांदूळ, खण, नारळ घेऊन मी धावले. खिडकीत तुमची आई दिसली, पण नारळ गजांतून जाईना. तुमच्या बाबांनी दारातून हात पुढे केला. पण ओटी बाईनेच भरायची. त्यांच्यामागून एक अनोळखी म्हातारी वाकली.

"आणा हिकडं, मी भरते. मला बी लेकी हायत."

मी सगळं तिच्या हाती दिलं आणि गाडी हलली. खिडकीतून ती म्हातारी तुमच्या आईच्या पदरात तांदूळ घालताना मला दिसली. माझ्या हातून ओटी भरली नाही, याचंच तेव्हा वाईट वाटलं. आज मात्र बरं वाटतं. तुमच्या आईनेच नंतर सांगितलं, लातूर येईपर्यंत त्या बाईने तिचा हात सोडला नव्हता.