ताईचं बटण

तीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने रोज तीन मजले पायी चढून घरी जावं, यात हसण्यासारखं काही नाही असं वरखालीरावांचं मत होतं. इमारतीतल्या बाकी सगळ्यांचं मत वेगळं होतं. वरखालीराव हे नाव कामावरच्या मंडळींनी ठेवलेलं. आता ते इतकं चिकटलं होतं की बायकोही चिडली की तेच वापरायची.

घरात फक्त एकच माणूस त्यांना चौपन्नाव्या वर्षीही "छोट्या" म्हणे. ती त्यांची मोठी बहीण, ताई. ताईने मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं व्हॉलीबॉल शिकवलं. गळ्यात शिट्टी, पायांत कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा की मैदानाच्या पलीकडे बसस्टॉपवर उभी असलेली माणसंसुद्धा ताठ होत. पाच महिन्यांपूर्वी त्या बाईची उजवी बाजू एका सकाळी लुळी पडली आणि ती भावाकडे राहायला आली. बोलणं परत आलं, पण अगदी हळू. त्याहून वाईट म्हणजे तिने मागणंच सोडून दिलं. काही म्हणजे काही मागायची नाही. घसा कोरडा पडला तरी पाणी मागायची नाही. कुणी आपणहून दिलं तर प्यायची. बायको रडकुंडीला यायची, "ताई, हाक मारा हो!" ताई मान हलवायची आणि भिंतीकडे बघत बसायची.

वरखालीरावांकडे ताईच्या संघाच्या सामन्यांच्या तेवीस कॅसेट होत्या. सगळ्या त्यांनीच कॅमेरा खांद्यावर घेऊन काढलेल्या. त्या त्यांनी डिस्कवर उतरवून आणल्या आणि मोठ्या उत्साहात म्हणाले, "ताई, रोज एक मॅच लावून देतो तुला!"

"तू लावणार असशील तर नको," ताई एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "मला लावता आली... तर बघेन."

झालं. वरखालीरावांच्या अंगात आलं.

एका ऑफिसने टाकून दिलेला छोटा कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला. ताईच्या डाव्या हाताला रिमोट जमत नव्हता; त्यावरची चाळीस बारकी बटणं बघूनच ती तोंड फिरवायची. म्हणून बटण एकच हवं. ते दाबलं की बाकी काही न विचारता थेट मॅच सुरू व्हायला हवी. लिफ्ट कधी विचारते का, आपण कोण, पासवर्ड काय? मग या डब्याने तरी का विचारावं!

पण डबा भलताच चौकस निघाला. आधी पासवर्ड मागितला. तो काढून टाकला. मग अपडेट करू का म्हणाला; त्याचंही तोंड बंद केलं. सगळ्या मॅच आणि व्हिडिओ लावून देणारं, फुकटात मिळणारं मीडिया सेंटर त्यात घातलं आणि सुरू होताक्षणी तेच उघडावं, पडदाभर उघडावं आणि आधीची मॅच संपली असेल तर पुढची लावावी, असं बसवलं. मग मोठ्या ऐटीत कीबोर्ड उपटून बाजूला ठेवला, तर पडद्यावर पाटी आली: कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी अमुक बटण दाबा.

"अगं, हे बघ, हे बघ!" वरखालीराव पोट धरून हसायला लागले. "कीबोर्ड नाही म्हणतोय आणि वर म्हणतोय दाबा!"

"तुमच्या ऑफिसातला साहेबच आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

ती पाटीही गेली. आता एकवीस सेकंदांत मॅच! वरखालीरावांनी घड्याळ लावून सात वेळा मोजलं आणि सातही वेळा टाळी वाजवली. टीव्ही असा बसवला की कॉम्प्युटरकडून चित्र आलं की तो आपोआप जागा होई. शेवटी जुन्या लिफ्टच्या पॅनेलमधलं तळव्याएवढं गोल बटण आणून ताईच्या खुर्चीच्या डाव्या हातावर पक्कं बसवलं आणि त्याची तार कॉम्प्युटरच्या चालू-बंदच्या बटणाला जोडली. त्या बटणात दिवा होता, पण तो वेगळ्या व्होल्टेजचा. म्हटलं, दिवा हवाय कशाला, समोर एवढा मोठा टीव्ही आहे की!

रविवारी सकाळी ताईला खुर्चीत बसवलं. नवरा-बायको दोघं श्वास रोखून उभे. ताईने डावा हात उचलला आणि बटण दाबलं.

पडदा काळाच. पाच सेकंद गेले, सात गेले. ताईने भावाकडे पाहिलं आणि पुन्हा बटण दाबलं. तिकडे जागा होऊ घातलेला कॉम्प्युटर या दुसऱ्या दाबाने गपकन बंद झाला. तिसऱ्यांदा दाबलं, तो सुरू. चौथ्यांदा दाबलं, बंद.

"थांब ताई, एकदाच दाबायचं! मी दाखवतो—"

"राहू दे," ताईने हात मांडीवर ठेवला. "मला... नाही येत."

ती भिंतीकडे वळली. वरखालीरावांना अगदी रडू फुटायचंच बाकी होतं. एकतीस वर्षं मुलींना 'येत नाही' हा शब्द उच्चारू न देणारी बाई ती!

सोमवारी एका दवाखान्यातून तक्रार आली: तळमजल्यावरचं लिफ्टचं बटण सैल झालंय. वरखालीराव स्क्रूड्रायव्हर काढून उभे राहिले, तेवढ्यात एक बाई आल्या. त्यांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग चारदा दाबलं. मागून आलेल्या गृहस्थांनी त्यांना बाजूला सारून स्वतः दाबलं. वरखालीरावांनी बटण उघडलं. आतला दिवा गेलेला होता. दिवा बदलून ते पुन्हा बाजूला उभे राहिले. पुढच्या माणसाने एकदा दाबलं, दिवा लागला, आणि तो खिशात हात घालून निवांत उभा राहिला.

वरखालीरावांनी कपाळावर हात मारला. अरे गाढवा! दिवा लागला की माणसाला कळतं आपलं ऐकलंय, म्हणून तर तो थांबतो. आणि चुकून पुन्हा दाबलं तरी लिफ्टचं काही बिघडत नाही; एकदा बोलावणं नोंदलं की पुढचे दाब ती मनावर घेत नाही. तीस वर्षं हेच करतोय आणि सख्ख्या बहिणीला बिनदिव्याचं बटण दिलं!

त्या संध्याकाळी त्यांनी चहासुद्धा उभ्यानेच घेतला. बटणात कॉम्प्युटरवर चालेल असा हिरवा दिवा घातला. मध्ये एक छोटी रिले, म्हणजे विजेने आपोआप चालणारा स्विच, जोडली. कॉम्प्युटर सुरू झाला की दिवा लागणार आणि त्याच क्षणी बटणाची तार सुटणार. मग ताईने ढोल वाजवल्यासारखं दाबलं तरी फरक नाही. मॅच संपली की थोड्या वेळाने सगळं आपोआप बंद, आणि बटण पुन्हा तयार. त्यांनी स्वतः वीस वेळा धडाधड दाबून पाहिलं. मॅच आपली चालूच! आनंदाने त्यांनी बायकोला उचलायचाच बेत केला होता, पण तिच्या हातात परात होती.

ताईला मात्र त्यांनी आग्रह केला नाही. खुर्चीचा हात पुसून ठेवला आणि जाता जाता सांगितलं, "ताई, चूक माझी होती, तुझी नव्हती. दिवा घातलाय." मंगळवार बटणाला हात न लागताच गेला.

बुधवारी बायको बाजारात गेली होती. ताई तासभर घरी एकटी होती. वरखालीराव कामावरून येऊन जिना चढू लागले, तर दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई टेप गळ्यात घेऊन दारात उभ्या.

"अहो, तुमच्याकडे कोण भांडतंय?"

वरखालीरावांनी कान टवकारले. वरून शिट्टी ऐकू आली. मग पोरींचा गलका. आणि त्या सगळ्याच्या वर, शब्द अडखळणारा पण मैदानभर पोचेल असा एक आवाज: "वाक! गुड... गुडघे! गुडघे वाकव!"

उरलेला मजला त्यांनी दोन-दोन पायऱ्या एकदम घेत गाठला. किल्ली दोनदा हातातून पडली. दार उघडलं. खुर्चीच्या हातावर हिरवा दिवा लागलेला होता. ताई पुढे झुकून बसली होती, केस विस्कटलेले, गाल लाल. बावीस वर्षांपूर्वी जिंकलेली मॅच आज हरणार असल्यासारखी ती घाबरली होती.

"ताई! तू लावलीस? एकटीने?"

"सरक," ताई म्हणाली. "दिसत नाही."

ते सरकले. पडद्यावरच्या पोरीने चेंडू उचलला, दुसरीने तो पलीकडे हाणला, ताईने डावा हात खुर्चीवर आपटला आणि वरखालीराव बॅग खांद्यालाच ठेवून जोरात ओरडले. ताईने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"छोट्या," ती म्हणाली, "पाणी आण."

पाच महिन्यांत पहिल्यांदा. वरखालीराव स्वयंपाकघराकडे पळत सुटले.